कॉलेज बेसबॉल कोचची नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावला सॉफ्टबॉल खेळत वाढलो, शिक्षणासाठी अमेरिकेत आलो आणि ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात सात हंगाम बेसबॉलचा सहायक कोच होतो. तेव्हापासून दोन प्रकारचे लोक सारखे विचारत असतात. एक, महाराष्ट्रात सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणारी आणि बी.पी.एड. करणारी मुलं. दुसरे, न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातले मराठी आईवडील, ज्यांची मुलं शाळेच्या संघात खेळतात आणि ज्यांना समोरचा कोच कोणत्या चक्रात फिरतोय ते कळत नाही. दोघांसाठी हे पान आहे. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत, फक्त सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत.

१. कॉलेज बेसबॉल कोच म्हणजे आपल्याकडच्या कॉलेजातले स्पोर्ट्सचे सरच ना?

नाही. आपल्याकडे शारीरिक शिक्षण संचालक हे एक पद असतं आणि कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ त्या एका माणसाच्या गळ्यात असतात. अमेरिकेत प्रत्येक खेळाचा मुख्य कोच वेगळा. बेसबॉलच्या मुख्य कोचच्या हाताखाली सहायक असतात: एक जण पिचर म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलांकडे बघतो, एक फलंदाजीकडे, आणि कुणातरी एकाकडे नवीन खेळाडू शोधण्याची मुख्य जबाबदारी असते. बेसबॉलमध्ये कोचही खेळाडूंसारखाच गणवेश घालतो, पाठीवर नंबरसकट. आपला संघ फलंदाजी करत असताना तो तिसऱ्या बेसजवळच्या चौकटीत उभा राहून खुणा करताना दिसला तर तो राखीव खेळाडू समजू नका. अनेक कॉलेजांत तिथे मुख्य कोचच उभा असतो.

२. डिव्हिजन वन, टू, थ्री, एनएआयए, ज्युनियर कॉलेज... ही काय भानगड आहे?

कॉलेजांमधल्या खेळांचे नियम आणि स्पर्धा चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या तीन पायऱ्या आहेत. डिव्हिजन वनमध्ये बेसबॉलचे सुमारे ३०० संघ आहेत. टीव्हीवर दिसतात ते हेच. डिव्हिजन टूमध्ये पैसा कमी, पण खेळाची शिष्यवृत्ती आहे. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. मुलाला अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळते, खेळावर एक डॉलरही नाही. एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना. ज्युनियर कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं कॉलेज; तिथून मुलं पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जातात.

कोचच्या दृष्टीने फरक असा की डिव्हिजन वनचा कोच पैसे वाटायचा हिशेब करतो, आणि डिव्हिजन थ्रीचा कोच फी भरून यायला तयार होईल असा मुलगा शोधतो. खेळ तोच, नोकऱ्या दोन वेगळ्या. शिष्यवृत्तीचे आकडे प्रश्न १० मध्ये आहेत.

३. सामने फक्त वसंतात असतात. मग उरलेलं वर्ष कोच काय करतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. डिव्हिजन वनचा नियमित हंगाम ५६ सामन्यांचा. फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि मेअखेर संपतो. शुक्रवार, शनिवार, रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन सामने, आणि बहुधा मंगळवारी किंवा बुधवारी आणखी एक. मेच्या शेवटच्या सोमवारी राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ संघांची नावं जाहीर होतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सराव असतो. नवी मुलं याच वेळी खरी कळतात. मग हिवाळा: लहान गटांत फलंदाजीच्या जाळ्यात काम, वजनं, अभ्यासाची तपासणी. जानेवारीच्या सुरुवातीला अमेरिकन बेसबॉल कोचेस असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन भरतं. ही संघटना १९४५ पासून आहे. व्याख्यानं ऐकायला हजारो कोच येतात, पण नोकऱ्यांची बोलणी होतात ती हॉटेलच्या लॉबीत. तिथे खिशात बायोडेटा घेऊन उभी असलेली तरुण मुलं मी पाहिली आहेत, त्यांत एका वर्षी मीही होतो.

उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हेच. जून-जुलैत कोच शाळकरी मुलांच्या स्पर्धा पाहत गावोगाव गाडी चालवतो, कॉलेजच्या मैदानावर शिबिरं घेतो, आणि काही सहायक केप कॉडसारख्या उन्हाळी लीगमध्ये संघ सांभाळतात. ओहायोसारख्या थंड राज्यात तर फेब्रुवारीत मैदानावर बर्फ असतं. मार्चमध्ये फ्लोरिडाला जाऊन आठवडाभर खेळायचं आणि परत येऊन पुन्हा जिममध्ये ग्राऊंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) घ्यायचे, असा आमचा क्रम होता.

४. सरावाच्या दिवशी कोच प्रत्यक्षात करतो काय? नुसता ओरडतो का?

ओरडणारा कोच लवकर थकतो. हातात फंगो असलेला कोच जास्त शिकवतो. फंगो म्हणजे लांब, सडपातळ, हलकी बॅट. सामन्यात ती चालत नाही, ती फक्त कोचची. एका हाताने चेंडू उडवायचा, खाली येताना मारायचा, आणि तेवढ्यात शेजारचा मुलगा पुढचा चेंडू तळहातावर ठेवतो. शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूच्या) डावीकडे दोन पावलं, मग उजवीकडे, मग नेमका पायापुढे उसळी घेईल असा. चेंडू कुठे जाणार हे मारणाऱ्याला माहीत असेल तरच त्या सरावाला अर्थ. पहिल्या हंगामात माझ्या अंगठ्याखालची कातडी सोलून निघाली होती. सलग वीस चेंडू हवे तिथे मारायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

छोट्या कॉलेजात मैदानही कोचकडेच. सराव संपला की पिचरच्या पुढच्या पायाने माऊंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) पडलेला खड्डा झाडायचा, ओलसर चिकणमाती भरायची, धुमसाने ठोकायची, वर ताडपत्री टाकायची. सामन्याच्या सकाळी फक्की मारून रेषा आखायच्या. पाऊस आला तर संघातली सगळी मुलं आणि कोच मिळून ताडपत्री ओढतात. मोठ्या विद्यापीठांत यासाठी वेगळी माणसं असतात.

वेळेला मात्र नियमाची मर्यादा आहे. एनसीएएच्या डिव्हिजन वनमधल्या नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला २० तास आणि हंगामाबाहेर ८ तास, यापलीकडे खेळाडूंकडून काम घेता येत नाही. कोचच्या स्वतःच्या तासांना अशी मर्यादा नाही.

५. यासाठी कोणती पदवी किंवा लायसन्स लागतं?

लायसन्स असं काही नाही. पतियाळाच्या एनआयएसमधून आपल्याकडे कोच डिप्लोमा करतात, तसं सक्तीचं एकच प्रमाणपत्र तिथे नाही. पदवी हवी, आणि बहुतेकांकडे पदव्युत्तर पदवीही असते, कारण नोकरीची पहिली पायरीच शिकता शिकता मिळते (प्रश्न ६). विषय शारीरिक शिक्षणच हवा असंही नाही. मी व्यवस्थापन शिकलो, माझ्याबरोबरचा एक इतिहास शिकला होता.

कॉलेज पातळीवर स्वतः खेळलेलं असणं जवळजवळ गृहीत धरतात. व्यावसायिक लीगमध्ये खेळलेलं असणं मात्र मुळीच गरजेचं नाही.

६. पहिली पायरी कुठली?

बहुतेकांसाठी ग्रॅज्युएट असिस्टंट. तुम्ही एम.ए. किंवा एम.एस. करता, कॉलेज फी माफ करतं, थोडं मानधन देतं आणि त्या बदल्यात तुम्ही संघासोबत काम करता. व्हिडिओ काढणं, चेंडू मोजून पिशवीत भरणं, विमानतळावरून मुलांना आणणं, सगळं.

आणखी एक रस्ता होता तो बंद झाला, आणि तो बंद झाला ते फार चांगलं झालं. डिव्हिजन वनमध्ये वर्षानुवर्षं मुख्य कोच, दोन पगारी सहायक आणि एक ‘वॉलंटियर’ अशी रचना होती. हा वॉलंटियर बाकीच्यांइतकंच काम करायचा आणि कॉलेजकडून त्याला पगार नसायचा. शिबिरांच्या आणि खासगी शिकवणीच्या पैशांवर तिशीतली, लग्न झालेली माणसं घर चालवत होती. १ जुलै २०२३ पासून ते पद रद्द झालं आणि तिसऱ्या सहायकाला पगार देण्याची मुभा मिळाली. जुन्या वॉलंटियर कोचनी त्या नियमाविरुद्ध कोर्टात दावाही लावला होता.

शाळेतून वर गेलेलेही आहेत. लुइझियाना स्टेटला ५ राष्ट्रीय जेतेपदं मिळवून देणारे स्किप बर्टमन आधी मायामी बीचच्या शाळेत कोच होते. व्हँडरबिल्टचे टिम कॉर्बिन यांनी सुरुवात दक्षिण कॅरोलायनातल्या प्रेस्बिटेरियन या छोट्या कॉलेजात केली; पुढे २०१४ आणि २०१९ ची जेतेपदं जिंकली. म्हणून मी मुलांना सांगतो, पहिली नोकरी नावावर बघू नका. जिथे तुम्हाला रोज शिकवायला मिळेल तिथे जा.

७. पगार किती? घर चालतं का?

दोन टोकं सांगतो. आग्नेय भागातल्या मोठ्या विद्यापीठांचे मुख्य कोच वर्षाला १० लाख डॉलरच्या वर कमावतात, आणि अगदी वरचे ३० लाखांच्या घरात पोचले आहेत. दुसरीकडे डिव्हिजन थ्रीचा पूर्णवेळ मुख्य कोच साधारण शाळेतल्या शिक्षकाइतकं कमावतो, आणि अर्धवेळ सहायकाला हंगामाचे मिळून काही हजार डॉलर मिळतात. मी सातही हंगाम सकाळी एका गोदामात हिशेबाचं काम करत होतो आणि दुपारी अडीचला मैदानावर पोचत होतो.

मधल्या बहुतेकांची दहा-बारा वर्षं तंगीची जातात. नवराबायकोने हे आधी बसून बोललेलं बरं, कारण दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलतं आणि वसंतातला एकही शनिवार-रविवार घरी मिळत नाही.

इतिहासात एक निराळं उदाहरण आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉड डेडो यांनी १९८६ पर्यंत चाळीसहून अधिक वर्षं कोचिंग केलं आणि ११ राष्ट्रीय जेतेपदं जिंकली, त्यांतली १९७० ते १९७४ ही सलग पाच. त्यांचा स्वतःचा मालवाहतुकीचा धंदा होता, म्हणून ते विद्यापीठाकडून वर्षाला एक डॉलर घ्यायचे.

८. रिक्रूटिंग, रिक्रूटिंग ऐकतो. म्हणजे नक्की काय?

पुढच्या दोन-तीन वर्षांचा संघ आज शोधणं. या नोकरीचा अर्धा भाग हाच, आणि टीव्हीवर तो अजिबात दिसत नाही.

जुलैतल्या दुपारी पत्र्याच्या बाकावर बसलेला, टोपी घातलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. एका हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही, शेजारी वेग मोजायची रडार गन. कॅचरच्या (फलंदाजामागे बसून चेंडू पकडणाऱ्याच्या) ग्लव्हमध्ये चेंडू आपटल्याचा आवाज आला की घड्याळ सुरू, दुसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये पोचला की बंद. दोन सेकंदांच्या आसपास आलं तर नाव लिहायचं. मग तोच मुलगा बाद होऊन परत येताना बघायचा. हेल्मेट आपटतो का? पुढच्या फलंदाजाला पिचरबद्दल काही सांगतो का? आईने पाण्याची बाटली दिली तर तिच्याशी कसा बोलतो? हे सगळं वहीत जातं. अतिशयोक्ती नाही, माझ्या वहीत एक रकानाच होता त्यासाठी.

चांगला कोच इतरांना न दिसलेला मुलगा ओळखतो. लुइझियानातल्या सदर्न युनिव्हर्सिटीचे रॉजर केडर यांनी रिकी वीक्सला घेतलं तेव्हा मोठी विद्यापीठं त्याच्या मागे नव्हती. २००३ मध्ये तो देशातला सर्वोत्तम हौशी खेळाडू ठरला आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. सदर्न हे कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं जुनं विद्यापीठ आहे, तिथे पैसा नेहमीच अपुरा. केडर यांनी तीन दशकांहून जास्त काळ तिथेच काढला.

९. माझा मुलगा दहावीत आहे, चांगला खेळतो. मी कोचला फोन करू का?

तुम्ही नका करू, मुलाने करावा. हे मी अत्यंत कळकळीने सांगतो, कारण आपल्याकडे मुलाच्या वतीने वडिलांनी बोलणं आदराचं समजतात आणि तिथला कोच त्याचा उलट अर्थ काढतो: मुलाला स्वतःहून खेळायचं आहे की नाही?

मुलाने चार ओळींचा ईमेल लिहावा. नाव, शाळा, कोणत्या जागी खेळतो, गुण, उंची-वजन, पुढच्या स्पर्धेची तारीख, आणि दोन मिनिटांचा साधा व्हिडिओ. संगीत नको. डिव्हिजन वनच्या कोचला अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी रिक्रूटिंगचं बोलता येत नाही. त्यामुळे उत्तर आलं नाही तर तो नकार समजू नका. आणि गुण जपा. डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांत कोचची शिफारस चालते ती प्रवेशाच्या निकषांत बसणाऱ्या मुलासाठीच.

१०. ‘फुल स्कॉलरशिप’ मिळते म्हणतात. खरं का?

बेसबॉलमध्ये फार क्वचित. कित्येक वर्षं डिव्हिजन वनच्या एका संघाला एकूण ११.७ शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या जास्तीत जास्त २७ मुलांत वाटायच्या, प्रत्येकाला किमान पाव. संघात मात्र ३५ जण. म्हणजे कोचने रात्री वही घेऊन बसायचं आणि याला ३०, त्याला ४५ टक्के, असं जुळवायचं. पिचरला जास्त दिलं की राखीव कॅचरच्या घरच्यांना कर्ज काढावं लागणार, हे त्याला माहीत असायचं.

एनसीएए आणि खेळाडू यांच्यातल्या खटल्यात जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या मोठ्या तडजोडीनंतर २०२५-२६ पासून चित्र बदललं. जी विद्यापीठं त्या व्यवस्थेत सामील झाली त्यांना शिष्यवृत्तीची संख्या मर्यादित नाही, पण संघ ३४ जणांचा. श्रीमंत विद्यापीठ सगळ्या ३४ जणांना पूर्ण पैसे देऊ शकतं. मधल्या फळीतल्या कॉलेजला ते जमत नाही, आणि तिथल्या कोचचं काम आणखी कठीण झालंय. डिव्हिजन टूची मर्यादा ९ ची आहे. तेव्हा कोच ‘आमच्याकडे शिष्यवृत्ती आहे’ म्हणाला तर शांतपणे विचारा: किती टक्के, किती वर्षांसाठी, आणि लेखी कधी?

११. ट्रान्सफर पोर्टलमुळे कोचला काय फरक पडला?

पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी. ती ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली. २०२१ पासून एकदा बदलताना वर्षभर बसून राहण्याची अट गेली आणि २०२४ पासून, अभ्यास नीट असेल तर, कितीही वेळा बदलता येतं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसेही घेता येतात. यामुळे कोच जूनमध्ये एक संघ निरोप देऊन पाठवतो आणि ऑगस्टमध्ये दुसराच संघ त्याच्यापुढे उभा असतो.

मुलांना हे स्वातंत्र्य मिळालं ते योग्यच झालं, कारण कोच तर पूर्वीपासून हवे तेव्हा जात होतेच. २०२४ मध्ये टेक्सास ए अँड एमचा संघ अंतिम सामना हरला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे मुख्य कोच टेक्सास विद्यापीठात गेल्याचं जाहीर झालं. माझं दुःख वेगळं आहे. अठराव्या वर्षी कच्चा असलेला मुलगा बावीसाव्या वर्षी पक्का झालेला बघणं, हाच या कामातला सगळ्यात मोठा आनंद होता, आणि तो आता कमी जणांच्या वाट्याला येतो.

१२. व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट कोचच्या संघावर कसा परिणाम करतो?

शाळा संपवलेला मुलगा थेट निवडला जाऊ शकतो. तो चार वर्षांच्या कॉलेजात गेला तर तीन वर्षं झाल्यावर किंवा २१ वर्षांचा झाल्यावर पुन्हा पात्र होतो. ज्युनियर कॉलेजमधून दरवर्षी. ड्राफ्ट आता २० फेऱ्यांचा आहे, २०१९ पर्यंत ४० फेऱ्या असत. तो जुलैत होतो, म्हणजे ज्याच्यावर पुढच्या वर्षीचा बेत बांधला तो मुलगा कॉलेज उघडायच्या महिनाभर आधी गेल्याचं कळतं. अनुभवी कोच प्रत्येक जागेसाठी दोन नावं मनात ठेवतो.

१३. पिचरच्या हाताची जबाबदारी कुणाची?

कोचची. शाळांमध्ये २०१७ पासून किती चेंडू टाकायचे यावर बंधन घालणं राज्यांना सक्तीचं आहे. कॉलेज पातळीवर एनसीएएने असा आकडा ठरवलेला नाही. म्हणजे निर्णय सर्वस्वी डगआऊटमध्ये (मैदानाकडेच्या संघाच्या जागेत) उभ्या असलेल्या माणसाचा.

३० मे २००९ ला टेक्सास आणि बोस्टन कॉलेजचा सामना २५ इनिंग (दोन्ही संघांनी एकेकदा फलंदाजी केली की एक इनिंग) चालला. कॉलेज बेसबॉलमधला तो सगळ्यात लांबलेला सामना. टेक्सासने तो ३-२ असा जिंकला. त्यात ऑस्टिन वूड हा पिचर मधून आला आणि त्याने १३ इनिंगमध्ये एकही धाव न देता १६९ चेंडू टाकले. कामगिरी अद्भुतच. पण त्या दिवशीपासून प्रश्न विचारला गेला की त्याला थांबवायला कुणीच कसं नव्हतं, आणि मला तो प्रश्न रास्त वाटतो.

माझ्या हातून हे झालेलं आहे. एप्रिलमधला शनिवार, थंडी, एकाच दिवशी दोन सामने. आमचा दुसऱ्या वर्षातला मुलगा सहाव्या इनिंगला दोन चेंडूंमध्ये जास्त वेळ घ्यायला लागला, कोपर नेहमीपेक्षा खाली येत होतं, चेंडू उंच सुटत होते. मी माऊंडवर गेलो, विचारलं, तो म्हणाला, “आय ॲम गुड, कोच.” मी परत आलो. एकोणीस वर्षांचा मुलगा दुसरं काय म्हणणार? कोपराच्या लिगामेंटला इजा झाली, शस्त्रक्रिया झाली. त्यातून परत यायला वर्ष किंवा जास्त लागतं. तो नंतर खेळला, पण पूर्वीचा वेग परत आला नाही. म्हणून सांगतो, मुलाला विचारू नका, त्याच्याकडे बघा. आकडा आधी ठरवा आणि तो आला की चेंडू हातातून घ्या.

१४. ओमाहा, ओमाहा काय असतं?

नेब्रास्का राज्यातलं शहर. १९५० पासून कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा टप्पा, तिथेच होते. ६४ संघांतून चार-चारचे १६ गट, मग आठ ठिकाणी तीन सामन्यांची मालिका, आणि उरलेले ८ संघ जूनमध्ये ओमाहाला. पहिली सिरीज १९४७ मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझू इथे झाली होती आणि येल विद्यापीठाकडून त्यात जॉर्ज बुश (थोरले) खेळले होते. आपल्या वारकऱ्याला पंढरपूर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, तसं कॉलेज बेसबॉलच्या माणसाला ओमाहा.

१५. ओमाहा जिंकलं नाही तर कोच अपयशी का?

फ्लोरिडा स्टेटचे माईक मार्टिन १९८० ते २०१९ अशी ४० वर्षं एकाच विद्यापीठात होते. २,०२९ विजय, डिव्हिजन वनमध्ये सर्वाधिक. चाळीसही हंगामांत किमान ४० विजय. १७ वेळा संघ ओमाहाला नेला आणि एकदाही जेतेपद मिळालं नाही. २०२४ मध्ये ते गेले. जो माणूस चाळीस वर्षांत एकही हंगाम वाया जाऊ देत नाही त्याला मी अपयशी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर वाद घालीन.

नोकरी टिकण्याचं गणित मात्र कठोर असतं. मोठ्या विद्यापीठांत तीन-चार वर्षांत निकाल लागतो. मुख्य कोच गेला की सहायकही बहुधा जातात, त्यांचे करार अनेकदा एकेका वर्षाचेच असतात. शिवाय मुलांच्या अभ्यासाचा हिशेबही असतो: डिव्हिजन वनमध्ये संघाच्या शैक्षणिक प्रगतीला १,००० पैकी गुण देतात आणि ९३० च्या खाली गेलं तर कारवाई होऊ शकते.

१६. कॉलेज कोच मेजर लीगमध्ये जाऊ शकतो का?

क्वचित, पण हो. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग, आणि तिथे संघाच्या मुख्य कोचला व्यवस्थापक म्हणतात. फ्लोरिडा स्टेटचे डिक हाऊजर १९८० मध्ये न्यूयॉर्क यांकीजचे व्यवस्थापक झाले (त्यांचीच जागा माईक मार्टिन यांनी घेतली), पण ते स्वतः मेजर लीग खेळलेले होते. पॅट मर्फी नोत्र दाम आणि ॲरिझोना स्टेटला कोच होते. नोत्र दाममधला त्यांचा खेळाडू क्रेग काऊन्सेल पुढे मिल्वॉकी ब्रूअर्सचा व्यवस्थापक झाला आणि मर्फी त्याच्या हाताखाली सहायक म्हणून आठ हंगाम राहिले. २०२४ मध्ये त्या जागी ते स्वतः आले आणि त्या वर्षी नॅशनल लीगचे सर्वोत्तम व्यवस्थापक ठरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये टेनेसीच्या टोनी व्हिटेलो यांना सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने व्यवस्थापक नेमलं. व्यावसायिक बेसबॉलमध्ये कधीच खेळलेला किंवा कोच नसलेला माणूस कॉलेजमधून सरळ त्या खुर्चीत बसण्याची ती पहिलीच वेळ.

१७. मुली हे काम करू शकतात का?

नियमाची आडकाठी नाही. ज्युली क्रोटो १९८९ मध्ये मुलांच्या कॉलेज संघात खेळल्या आणि नव्वदच्या दशकात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, डिव्हिजन वनमध्ये, सहायक कोच झाल्या. जस्टिन सीगल स्प्रिंगफील्ड कॉलेजच्या सहायक होत्या. २०१५ मध्ये ओकलंड ॲथलेटिक्सने त्यांना काही काळासाठी कोच म्हणून घेतलं. संख्या अजून फार थोडी आहे. महाराष्ट्रात इतक्या उत्तम सॉफ्टबॉलपटू मुली आहेत की हा रस्ता त्यांना माहीत असायलाच हवा.

१८. मी महाराष्ट्रातून सरळ अर्ज करून कोच होऊ शकतो का?

सरळ नाही. खरा मार्ग शिक्षणाचा. पदव्युत्तर प्रवेश घ्या आणि प्रवेशाआधीच त्या कॉलेजच्या बेसबॉल कोचला लिहा. विद्यार्थी व्हिसावर शिकत असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तास काम करता येतं, त्यात ग्रॅज्युएट असिस्टंटचं काम बसतं. पुढे विद्यापीठाने नोकरी दिली तर एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा विद्यापीठांना लागू नसते, हा फायदा. व्हिसाचे नियम आणि शुल्क बदलत राहतात, तेव्हा त्या वेळी वकिलाला विचाराच.

सॉफ्टबॉलचा पाया उपयोगी पडतो: ग्लव्हकाम, बेस धावणं, झेल. पिचिंग मात्र पूर्ण वेगळं, आणि बेसमधलं अंतर ९० फुटांचं असल्याने फेकीचा अंदाज नव्याने बसवावा लागतो. भारतीय हात शिकू शकतो याचा पुरावा आहेच. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, २००८ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात टॉम हाऊस यांच्या हाताखाली शिकले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. शिकवणारा एका कॉलेजचा पिचिंग कोच होता, हे लोक विसरतात.

१९. मित्रांबरोबर पैज लावली तर कोचची नोकरी जाते म्हणतात. इतकं कडक?

इतकंच कडक. ज्या खेळांच्या एनसीएए स्पर्धा होतात त्यांच्यावर, कोणत्याही पातळीवर, कोचला पैज लावता येत नाही आणि संघाची आतली माहितीही देता येत नाही. २०२३ मध्ये अलाबामाच्या मुख्य कोचने सामन्याआधी आपला ठरलेला पिचर खेळणार नसल्याचं पैज लावणाऱ्याला कळवलं. नोकरी गेलीच, शिवाय १५ वर्षांचा ‘शो-कॉज’ लागला. म्हणजे तेवढ्या काळात त्याला घेणाऱ्या कॉलेजलाही निर्बंध सोसावे लागतात. ‘आज कोण टाकणार?’ असं एखाद्या नातेवाइकाने व्हॉट्सॲपवर विचारलं तरी मी उत्तर देत नसे.

२०. कोचचा स्वतःचा मुलगा त्याच्याच संघात खेळू शकतो का?

खेळू शकतो. माईक मार्टिन यांचा मुलगा, तोही माईक, वडिलांच्या संघात कॅचर होता, मग त्यांच्याच हाताखाली सहायक झाला, आणि वडील निवृत्त झाल्यावर २०२० च्या हंगामापासून मुख्य कोच. तीन हंगामांनंतर विद्यापीठाने त्याला दूर केलं.

मुलगा खेळाडू असेल तर अडचण नियमांची कमी आणि डगआऊटमधली जास्त. आमच्या मुख्य कोचचा मुलगा दुसरा बेस खेळायचा. त्याला बसवायचं की खेळवायचं हा निर्णय त्यांनी आम्हा सहायकांवर सोडला होता, आणि तसं पहिल्याच दिवशी सगळ्या संघासमोर सांगितलं होतं. मुलगा सहायक कोच असेल तर अनेक विद्यापीठांत नातेवाइकाला थेट हाताखाली ठेवता येत नाही. मग कागदोपत्री त्याचा वरिष्ठ म्हणून क्रीडा विभागातला दुसरा अधिकारी नेमतात, आणि त्याच्या कामाचा वार्षिक अहवालही तोच लिहितो.